अणूंचा माग काढणारा माणूस: जॉर्ज हेवेशी आणि काखेतली पहिली ग्रंथी

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन ठरले की आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी तुम्हाला न्यूक्लिअर मेडिसिन विभागात पाठवले जाऊ शकते. तिथे स्तनाग्राभोवतीच्या काळसर त्वचेत किंवा गाठीजवळ एक लहानसे इंजेक्शन देतात. थोडा वेळ बसवून ठेवतात आणि मग एका मोठ्या कॅमेऱ्याखाली झोपवून चित्रे घेतात. केसपेपरवर या तपासणीचे नाव लिम्फोसिंटिग्राफी असे लिहिलेले असते. नाव अवघड असते आणि त्यात कोणीतरी सांगते की इंजेक्शन किरणोत्सारी आहे. मग घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो: आधीच कर्करोग, त्यात हे औषध आणखी कशाला?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज एका माणसाच्या आयुष्यातून सांगणार आहोत. त्यांचे नाव जॉर्ज हेवेशी. ते डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी कधी उपचार केले नाहीत. पण शरीरात एखादी गोष्ट कुठून कुठे जाते हे शरीर न उघडता, न दुखावता कसे पाहायचे, याची पद्धत त्यांनी घालून दिली. तुमची तपासणी याच पद्धतीवर उभी आहे.

आधी काखेबद्दल थोडे

रक्तवाहिन्यांप्रमाणेच आपल्या शरीरात लसिकावाहिन्यांचेही एक जाळे असते. पेशींच्या मधल्या जागेत झिरपलेले पाणी, प्रथिने आणि इतर कचरा या बारीक वाहिन्या गोळा करतात आणि पुन्हा रक्तात नेऊन सोडतात. या द्रवाला लसिका म्हणतात. वाटेत घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या लसिकाग्रंथी असतात. डॉक्टर त्यांना लिम्फ नोड म्हणतात. या ग्रंथी गाळणीसारखे काम करतात. स्तनातली बहुतांश लसिका त्याच बाजूच्या काखेतल्या ग्रंथींकडे जाते, थोडी छातीच्या मधल्या हाडाजवळच्या ग्रंथींकडे जाते.

कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीतून सुटल्या तर पुष्कळदा याच वाटेने निघतात आणि पहिल्यांदा काखेत अडकतात. म्हणून काखेत रोग पोहोचला आहे का, हे कळणे पुढच्या उपचारांसाठी महत्त्वाचे असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या ऑपरेशनमध्ये स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असे सगळे एकत्र काढले जाई. त्या काळात अनेक स्त्रियांचा जीव त्यामुळे वाचला. पण ग्रंथी गेल्या की हातातली लसिका वाहून जायला वाट उरत नाही. अनेकींचा हात सुजायचा आणि ती सूज आयुष्यभर राहायची. खुद्द हॉलस्टेड यांनी मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, या सुजेवर लेख लिहिला होता.

काखेतल्या सगळ्या ग्रंथी सरसकट न काढता नेमकी कोणती ग्रंथी तपासावी, हे ओळखायला नंतर बरीच दशके लागली. त्यासाठी स्तनातून निघालेली लसिका सर्वांत आधी कुठे पोहोचते हे दिसायला हवे होते. लसिका पाण्यासारखी पारदर्शक असते, ती दिसणार कशी? इथून हेवेशींची गोष्ट सुरू होते.

मँचेस्टरचे शिसे

हेवेशींचा जन्म १ ऑगस्ट १८८५ रोजी बुडापेस्टमध्ये एका सधन घरात झाला. आठ भावंडांमध्ये ते पाचवे. घराणे मूळचे ज्यू, पण कॅथलिक झालेले. शिक्षण बुडापेस्ट, बर्लिन आणि फ्रायबुर्ग इथे झाले आणि १९०८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९११ मध्ये ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. किरणोत्साराचा अभ्यास तेव्हा ऐन भरात होता.

रदरफोर्ड यांच्याकडे ऑस्ट्रियाच्या सरकारने दिलेला शेकडो किलो शिशाचा साठा पडून होता. त्यात रेडियम डी नावाचा एक किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला होता. तो शिशातून वेगळा करता आला तर मोठा उपयोग होणार होता. हे काम त्यांनी तरुण हेवेशींवर सोपवले. हेवेशींनी रसायनशास्त्रातल्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. सुमारे दोन वर्षे गेली. शिसे आणि रेडियम डी काही केल्या वेगळे होईनात.

आज आपल्याला कारण ठाऊक आहे. रेडियम डी हेही शिसेच आहे. फक्त त्याच्या अणूचे वजन वेगळे आहे आणि तो किरण सोडतो. एकाच मूलद्रव्याच्या अशा भावंडांना समस्थानिक म्हणतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच वागत असल्याने रासायनिक पद्धतीने ते वेगळे होणे शक्यच नव्हते.

आपले अपयश पुरते कळल्यावर हेवेशींनी प्रश्नच उलटा केला. हे दोन पदार्थ वेगळे होत नसतील तर किरण सोडणारे थोडे शिसे मुद्दाम साध्या शिशात मिसळावे. साधे शिसे जिथे जाईल तिथे हे खुणेचे शिसेही जाणार. किरण मोजणारे उपकरण आपल्याकडे आहेच. म्हणजे किरण जिथे सापडतील तिथे शिसे आहे, हे डोळ्यांना न दिसताही कळेल.

धनगर कळपातल्या काही मेंढ्यांच्या पाठीवर रंगाची खूण करतो. रंगाने मेंढीच्या चालीत फरक पडत नाही, ती कळपाबरोबरच चरते. पण लांबून रंग दिसला की कळप कुठे आहे ते समजते. हेवेशींची युक्ती साधारण अशीच होती, फक्त त्यांच्या मेंढ्या अणूंच्या होत्या. १९१३ मध्ये व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत फ्रिडरिश पानेथ यांच्याबरोबर त्यांनी या पद्धतीचा पहिला प्रयोग केला. जवळजवळ न विरघळणारे शिशाचे क्षार पाण्यात किती विरघळतात, हे त्यांनी या खुणेच्या शिशावरून मोजले. तराजूला जे जाणवले नसते ते किरणांवरून कळले.

घरमालकिणीचे जेवण

मँचेस्टरमधल्या मुक्कामाची एक गोष्ट हेवेशी पुढे आवडीने सांगत. ते एका खानावळीवजा घरात राहत. रविवारी जेवणात उरलेले मांस घरमालकीण आठवड्यात दुसऱ्या पदार्थात घालून पुन्हा वाढते, अशी त्यांना शंका होती. त्यांनी विचारले, तर बाईंनी साफ नाकारले. मग एका रविवारी त्यांनी पानात उरलेल्या अन्नात किरणोत्सारी पदार्थाचा कण टाकला. काही दिवसांनी प्रयोगशाळेतले विद्युतदर्शक हे उपकरण घरी आणले आणि पानातल्या ताज्या पदार्थाजवळ धरले. उपकरणाने किरण दाखवले. रविवारचे मांस परत आले होते.

आजच्या नियमांत असे कोणी करू शकणार नाही आणि करूही नये. पण या गोष्टीत तुमच्या तपासणीतल्या तीनही पायऱ्या आहेत: अगदी थोडा खुणेचा पदार्थ टाकणे, त्याला त्याच्या वाटेने जाऊ देणे, आणि तो कुठे पोहोचला ते बाहेरून उपकरणाने पाहणे.

रोप, पाणी आणि हाडे

पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीत उलथापालथ झाली. १९२० मध्ये हेवेशी कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत आले. तिथे डिर्क कोस्टर यांच्यासोबत त्यांनी हॅफ्नियम हे नवे मूलद्रव्य शोधले. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याला हे नाव मिळाले. या शोधाने त्यांचे नाव जगभर झाले. पण आपल्या दृष्टीने त्याच सुमाराचा एक साधा प्रयोग अधिक मोलाचा आहे.

१९२३ मध्ये त्यांनी घेवड्याच्या जातीच्या एका रोपाची मुळे खुणेच्या शिशाच्या द्रावणात बुडवून ठेवली. मग मूळ, खोड आणि पाने वेगवेगळी जाळून प्रत्येकात किती किरण आहेत ते मोजले. बहुतेक शिसे मुळातच अडकले होते, वर पानांपर्यंत फार थोडे पोहोचले होते. सजीवाच्या आत एखादा पदार्थ कोणत्या वाटेने आणि किती जातो, हे अशा खुणेने दाखवणारा हा पहिला प्रयोग.

त्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. शिसे विषारी असते आणि जास्त झाले तर रोप मरते. पण किरणांचे मोजमाप इतके नाजूक असते की अत्यल्प शिसे पुरते, आणि तेवढ्याने रोपाला काही होत नाही. एखाद्या गोष्टीचा माग काढताना तिच्या चालीत ढवळाढवळ होता कामा नये, हा नियम हेवेशींनी शेवटपर्यंत पाळला. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आजही तो पाळला जातो. तुम्हाला दिले जाणारे इंजेक्शन इतके लहान का असते, याचे उत्तर इथे आहे.

वर्षभरात त्यांनी प्राण्यांवर असेच प्रयोग केले. त्या काळी बिस्मथ हे सिफिलिसवरचे औषध होते. खुणेचे बिस्मथ सशांना देऊन ते शरीरात कुठे साठते आणि केव्हा बाहेर पडते ते त्यांनी पाहिले.

१९२६ मध्ये ते जर्मनीत फ्रायबुर्गला प्राध्यापक झाले. मँचेस्टरला असताना एकदा मित्र हेन्री मोझली यांच्याबरोबर चहा घेताना त्यांच्या मनात आले होते की प्यायलेल्या चहातल्या पाण्याचा शरीरात माग काढता आला तर किती बरे. वीस वर्षांनी ते जमले. जड पाणी, म्हणजे हायड्रोजनच्या जड भावंडापासून बनलेले पाणी, तोवर उपलब्ध झाले होते. ते किरण सोडत नाही, पण वजनातल्या फरकावरून ओळखता येते. १९३४ मध्ये हेवेशी आणि एरिश होफर यांनी माणसाला अतिशय पातळ केलेले जड पाणी पाजले आणि लघवीतून ते किती दिवस बाहेर येते हे तपासले. आपण प्यायलेले पाणी शरीरात सरासरी सुमारे १३ दिवस राहते, असे त्यातून दिसले.

त्याच सुमारास कृत्रिम किरणोत्सार शोधला गेला आणि शिसे, बिस्मथ यांसारख्या जड धातूंपुरती ही पद्धत अडून राहिली नाही. शरीरात नेहमी असणाऱ्या मूलद्रव्यांनाही खूण करता येऊ लागली. १९३५ मध्ये हेवेशी आणि ओटो शीविट्झ यांनी उंदरांना खुणेचे फॉस्फरस दिले. हाड म्हणजे एकदा घडले की दगडासारखे तसेच राहणारे, असा समज होता. प्रत्यक्षात हाडातले फॉस्फरस सतत बाहेर जात होते आणि नवे येत होते. जिवंत शरीर बाहेरून स्थिर दिसले तरी आत अखंड देवाणघेवाण चालते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

आम्लात विरघळलेले सोने

हा प्रयोग कोपनहेगनचा आहे, फ्रायबुर्गचा नव्हे. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू वंशाच्या लोकांना विद्यापीठांत राहणे अशक्य होत गेले. हेवेशी जन्माने कॅथलिक होते, पण नाझींच्या लेखी घराण्याचे मूळ महत्त्वाचे होते. १९३४ मध्ये प्राध्यापकपद सोडून ते पुन्हा बोर यांच्याकडे आले.

एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्येही शिरले. बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल सुवर्णपदके सुरक्षित ठेवण्यासाठी दिलेली होती. पदकांवर नावे कोरलेली होती आणि जर्मनीतून सोने बाहेर पाठवणे हा गंभीर गुन्हा होता. पदके सापडली असती तर फॉन लाउए यांच्या जिवावर बेतले असते. पुरून ठेवली तरी सापडण्याची भीती होती. हेवेशींनी ती आम्लराजात, म्हणजे सोने विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणात, टाकली. सोने सहजासहजी विरघळत नाही, या कामात त्यांचा दिवस गेला. मग ती बाटली त्यांनी फळीवर इतर बाटल्यांच्या रांगेत ठेवून दिली.

१९४३ मध्ये डेन्मार्कमधल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली तेव्हा हेवेशी स्वीडनला निसटले. युद्ध संपल्यावर परत येऊन पाहतात तर बाटली जागच्या जागी होती. द्रावणातून सोने पुन्हा वेगळे करून स्टॉकहोमला पाठवले गेले आणि त्याच सोन्याची पदके नव्याने ओतून दोघांना देण्यात आली.

हेवेशींना स्वतःला १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. युद्धामुळे ते १९४४ मध्ये जाहीर झाले. पारितोषिक होते समस्थानिकांचा माग काढण्यासाठी वापर केल्याबद्दल. दोन वर्षे शिसे वेगळे न करू शकलेल्या तरुणाला तीस वर्षांनी त्याच अपयशातून निघालेल्या कल्पनेसाठी हा मान मिळाला. स्टॉकहोममधल्या वर्षांत त्यांनी खुणेच्या फॉस्फरसने उंदरांच्या कर्करोगाच्या गाठीही अभ्यासल्या. क्ष-किरण दिल्यावर गाठीत डीएनए तयार होण्याचा वेग मंदावतो, हे त्यांना दिसले. ५ जुलै १९६६ रोजी फ्रायबुर्गमध्ये त्यांचे निधन झाले. २००१ मध्ये त्यांच्या अस्थी बुडापेस्टला नेण्यात आल्या.

सोन्यापासून टेक्नेशियमपर्यंत

लसिकेच्या वाटेवर खुणेचा पदार्थ सोडला गेला तो हेवेशींच्या हयातीतच. १९५३ मध्ये अमेरिकेत किरणोत्सारी सोन्याचे अतिसूक्ष्म कण ऊतींत टोचले आणि ते जवळच्या लसिकाग्रंथींत जाऊन साठतात असे दिसले. पण या सोन्याचे निम्मे किरण कमी व्हायला २.७ दिवस लागतात आणि टोचलेल्या जागी नको तितका मारा होतो. म्हणून ते मागे पडले.

त्याची जागा टेक्नेशियमने घेतली. हे मूलद्रव्य १९३७ मध्ये इटलीतल्या पालेर्मोमध्ये सापडले. रुग्णालयात वापरतात त्या टेक्नेशियम-९९एमचे किरण दर ६ तासांनी निम्मे होतात. म्हणजे १२ तासांनी पाव आणि २४ तासांनी सोळावा भाग उरतो. ते कॅमेऱ्यात चांगले टिपता येतात आणि टोचलेल्या जागी सोन्यासारखा मारा करत नाहीत. मोलिब्डेनम भरलेल्या एका जड डब्यातून ते रोज ताजे काढतात. गाईचे दूध काढावे तसे, म्हणून या विभागात काम करणारे लोक त्या डब्याला गमतीने गाय म्हणतात. साधारण आठवडाभरात ही गाय आटते आणि नवी आणावी लागते.

न्यूक्लिअर मेडिसिन आपल्याकडेही जुने आहे. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून काम करत आहे.

पुढे १९७७ मध्ये रमोन कबानास यांनी वेगळ्या एका कर्करोगाच्या संदर्भात मांडले की मूळ गाठीची लसिका ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोहोचते ती पहारेकऱ्यासारखी असते. तिला सेंटिनल नोड म्हणतात. ती स्वच्छ असेल तर पुढच्या ग्रंथीही बहुधा स्वच्छ असतात. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या कर्करोगात निळा रंग टोचून ही ग्रंथी शोधली. १९९३ मध्ये डेव्हिड क्राग यांनी स्तनाच्या कर्करोगात ती किरणोत्सारी खुणेने शोधली आणि १९९४ मध्ये आर्मांडो जुलियानो यांनी निळ्या रंगाने. मँचेस्टरच्या प्रयोगशाळेतली कल्पना अशा रीतीने स्तनाच्या ऑपरेशनपर्यंत येऊन पोहोचली.

आता तुमच्या तपासणीकडे

इंजेक्शनमध्ये टेक्नेशियम लावलेले अतिसूक्ष्म कण असतात. ते रक्तवाहिनीत सहजी शिरत नाहीत, लसिकावाहिनीत मात्र शिरतात आणि काखेकडे निघतात. पहिल्या ग्रंथीत पोहोचले की तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि ते तिथेच राहतात. गॅमा कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही, तुमच्या शरीरातून येणारे किरण फक्त टिपतो. पडद्यावर टोचलेली जागा ठळक दिसते आणि काखेत एक किंवा काही लहान ठिपके दिसतात. तंत्रज्ञ बऱ्याचदा त्या जागेवर त्वचेवर शाईने खूण करतात. ती ऑपरेशनपर्यंत पुसू नका.

ऑपरेशनच्या वेळी सर्जन पेनासारखे एक उपकरण काखेवरून फिरवतात. खुणेचे कण जिथे असतील तिथे त्याचा आवाज वाढतो. बरोबरीने पुष्कळदा निळा रंगही टोचतात. आवाज करणारी किंवा निळी झालेली ग्रंथी काढून पॅथॉलॉजीत पाठवतात. साधारणपणे एक ते तीन ग्रंथी निघतात. पूर्ण काख साफ करताना दहा किंवा त्याहून जास्त निघतात.

या फरकाचा अर्थ पुढच्या आयुष्यात कळतो. मोठ्या एकत्रित अभ्यासांत, काख साफ केलेल्या सुमारे दर पाच स्त्रियांपैकी एकीच्या हाताला सूज आली. फक्त पहारेकरी ग्रंथी काढलेल्यांत हे प्रमाण सुमारे दर वीसांत एक इतके होते. पाण्याची कळशी उचलणे, कणीक मळणे, बांगड्या भरणे, मुलाला कडेवर घेणे या सगळ्याशी हे आकडे जोडलेले आहेत.

चित्रात ठिपका दिसला म्हणजे काय?

हा भाग नीट वाचा, कारण इथे सर्वांत जास्त गैरसमज होतात. रिपोर्टवर काखेत ठिपका दिसला असे लिहिले असेल तर तिथे कर्करोग पोहोचला असा त्याचा अर्थ होत नाही. ठिपका इतकेच सांगतो की स्तनातली लसिका आधी या ग्रंथीत येते. निरोगी ग्रंथीही ठिपका दाखवते, उलट दाखवायलाच हवी. मेंढीच्या पाठीवरच्या रंगावरून कळप कुठे आहे ते कळते, कळपात आजारी कोण आहे ते कळत नाही. आजार आहे की नाही हे ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ठरते.

मराठीत आपण स्तनातल्या गाठीलाही गाठ म्हणतो आणि काखेतल्या ग्रंथीलाही गाठच म्हणतो. त्यामुळे आणखी एक गाठ निघाली अशी बातमी घरभर पसरते. डॉक्टर बोलत असताना ते नेमके कशाबद्दल बोलत आहेत ते विचारून घ्या.

उलटही होऊ शकते. कधी कधी चित्रात एकही ठिपका दिसत नाही. याचा अर्थ रोग नाही असा होत नाही आणि रोग पसरला असाही होत नाही. सर्जन तरीही उपकरण आणि निळा रंग वापरून ग्रंथी शोधतात आणि अनेकदा ती सापडते. मात्र एखादी ग्रंथी कर्करोगाने पूर्ण भरलेली असेल तर लसिका तिला वळसा घालून जाऊ शकते आणि खुणेचे कण दुसरीकडेच पोहोचतात. म्हणूनच ऑपरेशनआधी काखेची हाताने तपासणी आणि सोनोग्राफी करतात आणि ऑपरेशनमध्ये सर्जन बोटांनीही चाचपून पाहतात.

नेहमीच्या काही शंका

किरणांचा त्रास होईल का? इथे दिली जाणारी मात्रा हाडांच्या स्कॅनसाठी देतात त्याच्या कितीतरी कमी असते आणि वर सांगितल्याप्रमाणे ती दिवसभरात जवळजवळ संपते. घरच्यांजवळ बसायला किंवा एकत्र जेवायला हरकत नसते. तुम्ही गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर मात्र तपासणीची तारीख घेतानाच सांगा, म्हणजे डॉक्टर त्याप्रमाणे योजना बदलतील.

दुखते का? टोचताना काही क्षण झोंबते. त्यानंतर स्तनाला हलके चोळायला सांगू शकतात, त्याने कण पुढे सरकायला मदत होते.

निळ्या रंगाचे काय? ऑपरेशननंतर एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळसर होऊ शकते, घाबरू नका. टोचलेल्या जागी त्वचेवरची निळी छटा काही महिने रेंगाळू शकते. क्वचित कोणाला या रंगाची अॅलर्जी होते, म्हणून पूर्वी कोणत्याही औषधाची अॅलर्जी झाली असेल तर आधी सांगा.

ही तपासणी प्रत्येकीला लागते का? नाही. हाताला किंवा सोनोग्राफीत काखेतल्या ग्रंथी संशयास्पद नसतील तेव्हा ती मुख्यतः उपयोगी असते. सुईने तपासून ग्रंथीत कर्करोग आधीच सिद्ध झाला असेल तर उपचारांचा मार्ग वेगळा असतो. काही लहान गाठींमध्ये आता काखेला अजिबात हात न लावण्याचा पर्यायही निवडक रुग्णांना देतात.

आमच्या गावाजवळ न्यूक्लिअर मेडिसिन विभागच नाही, मग? मुद्दाम लांब जाण्याची गरज आहे का ते तुमच्या सर्जनना विचारा. नुसता निळा रंग वापरूनही अनुभवी सर्जन ही ग्रंथी शोधतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने काखेच्या खालच्या भागातल्या ग्रंथी एकत्र काढून तपासण्याची पद्धतही अभ्यासली आहे. तिला अशा कॅमेऱ्याची गरज लागत नाही.

डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न

पुढच्या भेटीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

• माझ्या काखेतल्या ग्रंथी तपासणीत आणि सोनोग्राफीत कशा दिसल्या?
• माझ्यासाठी पहारेकरी ग्रंथीची तपासणी योग्य आहे का? कोणत्या पद्धतीने करणार?
• त्या ग्रंथीचा रिपोर्ट ऑपरेशन चालू असतानाच मिळेल की काही दिवसांनी?
• तिच्यात कर्करोग सापडला तर पुढे काय? पूर्ण काख साफ करावीच लागेल का?
• हाताला सूज येऊ नये म्हणून मी कोणते व्यायाम करावेत आणि ते कधीपासून?

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनीही त्या बाजूचा हात जड वाटू लागला, अंगठी किंवा बांगडी घट्ट होऊ लागली, तर थांबू नका, लगेच दाखवा. सूज सुरुवातीला आटोक्यात आणणे सोपे असते. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या बाबतीतला निर्णय तुमचा रिपोर्ट पाहणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.